कुंदाताईंची तपासणी

कुंदाताई मेश्राम यांच्या घराची बेल वाजवली की दार उघडत नसे, खिडकी उघडे. तीही चार बोटं. त्या फटीत आधी चष्म्याची एक काच दिसायची आणि मग आवाज यायचा, "कोण?" नाव सांगितलं की दुसरा प्रश्न, "काहून आले?" काम सांगितलं की खिडकी बंद. आता दार उघडेल म्हणून आपण केसांवरून हात फिरवायचा, चेहरा हसरा करायचा आणि उभं राहायचं, तर दार काही उघडायचं नाही. बाई आत जाऊन विसरल्या की काय अशी शंका यायला लागली, आपण एकमेकांकडे वैतागून बघायला लागलो, की मग कडी निघायची. हा वेळ त्या मुद्दाम काढायच्या हे मला पुष्कळ पुढे कळलं. "बेल वाजवताना सगळेच चांगले असतात," त्या म्हणाल्या होत्या. "उभं ठेवलं की खरा माणूस दिसते. मी पडद्याआडून पाहून राहते."

कुंदाताई रेल्वेत तिकीट तपासनीस होत्या. नोकरीची सगळी वर्षं रायपूरहून एकीकडे नागपूर आणि दुसरीकडे बिलासपूर अशा फेऱ्यांत गेली. निवृत्त झाल्यावर रायपूरच्या तात्यापारा भागातल्या घरात त्या एकट्याच राहत होत्या. एकट्या म्हणजे माणूस म्हणून एकट्या. रस्त्यावर जखमी पडलेली, ट्रकखाली आलेली, कुणी टाकून दिलेली कुत्री त्या घरी आणत, बरी करत आणि चांगलं घर मिळालं तर देत. 'मिळालं तर' हे महत्त्वाचं, कारण कुंदाताईंच्या तपासणीत पास होणारी घरं रायपुरात फार नव्हती.

त्या कुत्र्यांना स्टेशनांची नावं देत. मोठ्या स्टेशनांची नाही, जिथे पॅसेंजर गाडी घटकाभर थांबते तेवढ्याच. सालेकसा, मांढर, हथबंद. त्यांच्या स्वतःच्या पायाशी सदैव पडलेला, तोंड पांढरं झालेला आणि सगळ्या जगावर गुरगुरणारा म्हातारा कुत्रा होता, त्याचं नाव आमगाव. त्याला दोनदा लोकांनी पसंत केलं होतं आणि दोन्ही वेळा कुंदाताईंनीच आयत्या वेळी नकार दिला होता. का, तर पहिल्या घरातला माणूस बोलताना खिडकीबाहेर बघत होता. विनातिकीट प्रवासी असाच बाहेर बघतो म्हणे. आणि दुसऱ्या घरातली बाई फार लवकर रडली.

आता बाईंना लोकांचा संशय, तसा लोकांना बाईंचा. माझ्या ऑफिसातल्या एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "इतकी कुत्री आणते ती, मग जातात कुठं? काहीतरी घोळ आहे." समता कॉलनीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्याकडे पाठवलं, तेही "देतील की नाही सांगता येत नाही, आणि काही बोलल्या तर मनावर घेऊ नका" असं सांगून. माझा नवरा प्रमोद जाताना गाडीत म्हणाला, "तू लक्ष ठेव तिच्यावर. मले ही बाई काही बरोबर वाटून नाही राहिली." न बघताच. कुत्रं हवं होतं आमच्या मुलीला, मुक्ताला. ती तेव्हा नववीत होती. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत.

कुंदाताईंनी दार उघडलं आणि आमच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघितलं. मग प्रमोदच्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडे.

"हे काय जी?"

"काही नाही मॅडम, सहज," प्रमोद हसला.

"सहज काही नसते. नोकरीत असताना मले लय लोकांनी सहज दिलं. ठेवा गाडीत."

घरात बसल्यावर मुक्ताला त्यांनी पाणी आणायला आत पाठवलं आणि पाठोपाठ स्वतः आत गेल्या. स्वयंपाकघरातून कुजबुज ऐकू येत होती. आई रागावते का, बाबा काही फेकून मारतात का, घरी दिवसा कोण असतं, गावाला जाता तेव्हा काय करणार. बाहेर येऊन तेच प्रश्न त्यांनी आम्हाला विचारले. मग नवे प्रश्न, आणि त्या सगळ्यांना आम्ही हो म्हणत होतो. कुत्रं घरात शू करेल, चालेल? हो. चपला फाडेल? हो. महिनाभर जवळ येणार नाही, चालेल? हो, हो, का नाही. कुंदाताई उठल्या.

"जमत नाही. घरात एक तरी नाही म्हणणारा पाहिजे. तिघंही हो म्हणतात ते घर उत्साहात कुत्रं नेते अन् पुढच्या रविवारी आणून देते. या तुम्ही."

मुक्ताचे डोळे भरले. मी अपमानानं लाल. आणि तेव्हा इतका वेळ हसत बसलेला प्रमोद एकदम म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का? मले कुत्र्याचं भेव वाटते. लहानपणी चावलं होतं. हा तुमच्या पायाशी मघापासून गुरगुरून राहिला, तर माझे पाय थरथरून राहिले."

कुंदाताई पुन्हा खाली बसल्या. चष्मा पुसला. "हव. हे तिकीट खरं आहे," त्या म्हणाल्या. "मघापासून पाय काहून मागं घेऊन राहिले म्हणून मी पाहतच होती."

अशा रीतीनं, आमच्यातला जो एकच माणूस कुत्र्याला घाबरत होता त्याच्या जोरावर आम्हाला तिल्दा मिळाली. तपकिरी रंगाची, एक कान फाटलेली, भनपुरीच्या ट्रकांच्या अड्ड्यावर मागचा पाय चिरडलेल्या अवस्थेत सापडलेली. पाय बरा झाला होता. बाकीचं बरं व्हायचं होतं.

तिल्दा घरात आली ती सरळ दिवाणाखाली गेली आणि तिथेच राहिली. आम्ही तिच्यासाठी गादी घेतली होती, बॉल घेतला होता, मुक्तानं भिंतीवर तिच्या नावाची अक्षरं चिकटवली होती. तिनं त्यातल्या कशाकडेही पाहिलं नाही. आमच्यासमोर खायची नाही. केरसुणी हातात घेतली की जागच्या जागी शू. प्रमोदनं खांद्यावर गमछा टाकला की भिंतीत शिरायचा प्रयत्न. आम्ही घराला कुलूप लावून गेलो तर दाराच्या चौकटीचं लाकूड कुरतडून ठेवलेलं. मी फिनाईल ओतून फरशी पुसायची आणि ती बरोबर तिथेच पुन्हा घाण करायची.

कुंदाताई न सांगता येत. कधी सकाळी, कधी मी ऑफिसातून येऊन पदर खोचायच्या आत. हिवाळा असला तर अंगात रेल्वेच्या नोकरीतला काळा कोट, बिल्ला काढलेला, पायात कापडी बूट. घरात पाणीसुद्धा पीत नसत. "खाल्लं-पिलं की तोंड बांधलं जाते." आल्या की म्हणायच्या, "दाखवा." पाण्याचं भांडं दाखवा. त्या बोट घालून बुळबुळीत आहे का बघायच्या. झोपायची जागा दाखवा. पट्टा दाखवा. तिल्दाच्या मानेवरचे केस मागे सारून खाली काही वळ आहे का तेही बघायच्या, आणि बघताना नजर आमच्या चेहऱ्यावर.

पण शिकवलं त्यांनीच. "फिनाईल बंद. त्या वासावर ती परत येते. व्हिनेगर अन् पाणी घ्या. अन् रागावू नका, ती काही तुमच्यावर सूड नाही उगवून राहिली." "तिच्याकडे पाहू नका. कोणीच पाहू नका. रस्त्यावर जो पाहते तो मारते." "डोक्यावरून हात नेऊ नका. वरून येते ते काठी असते, तिले एवढंच माहीत आहे." "घरातून बाहेर जा अन् लगेच परत या. चप्पल घाला, जा, या. पुन्हा जा, पुन्हा या. जाणारा माणूस परत येते हे तिले कळू द्या." आणि सगळ्यात मोठा हुकूम: पाहुणे बंद. "सहा महिने हे घर म्हणजे दवाखाना आहे असं समजा."

प्रमोदला त्यांनी एक वेगळंच काम दिलं होतं. ऑफिसातून आल्यावर दिवाणाकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि पेपर वाचायचा. बस. काही बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. ज्याला कुत्र्याचं भय त्यानं कुत्र्याकडे पाठ करून बसायचं म्हणजे काय, हे त्याचं त्यालाच माहीत. बिचाऱ्याच्या मानेवर घाम यायचा. पण तो रोज बसला. आणि एका संध्याकाळी तिल्दा दिवाणाखालून अर्धी बाहेर आली आणि तिनं आपली हनुवटी त्याच्या मांडीवर ठेवली. माझा नवरा पेपर तोंडासमोर धरून रडला. पेपर ओला झाला तरी हलला नाही.

आणि तिथेच आम्ही फसलो. आम्हाला वाटलं, झालं, आता ही आपली.

पोळा आला. प्रमोदचं मूळ घर भंडारा जिल्ह्यातलं, शेतीचं. रायपुरात बैल नाहीत म्हणून दर पोळ्याला आमच्याकडे लाकडी बैलाची पूजा व्हायची. त्या वर्षी प्रमोदच्या डोक्यात आलं, "घरात जितंजागतं जनावर असताना लाकडाची पूजा कायले? वर्षातून एक दिवस जनावराचा मान असते. तिलेही मिळाला पाहिजे." मला ते इतकं पटलं की मी रात्री बसून बैलाला घालतात तशी छोटी झूल शिवली, लाल कापडाची, आरसे लावलेली. कॉलनीतल्या चार बाया आपल्या पोरांना घेऊन बघायला आल्या. पोरांच्या हातात चाकं लावलेले लाकडी बैल. दार सताड उघडं, फाटक सताड उघडं, सणाचा दिवस. पुरणाचा नैवेद्य तयार. पाहुणे बंद हा हुकूम कुणाला आठवला नाही, कारण शेजारी आमच्या लेखी पाहुणे नव्हतेच.

तिल्दा झूल घालून घेईपर्यंत गप्प होती. आता वाटतं, ती गप्प नव्हती, गोठलेली होती. पोरांचे बैल फरशीवर खडखडले. मी निरांजन ओवाळलं. प्रमोदनं कुंकवाचं बोट तिच्या कपाळाला लावायला हात वरून खाली नेला. मग काय झालं ते नीट कुणीच पाहिलं नाही. प्रमोद ओरडला, ताट पडलं, आणि फाटकातून लाल झूल बाहेर जाताना तेवढी दिसली.

दुपारभर आम्ही कॉलनी पालथी घातली. झूल घातलेली कुत्री पाहिली का, असं विचारत फिरायचं. काही लोक हसले. संध्याकाळ व्हायच्या आत कुंदाताईंना फोन करणं भाग होतं, आणि प्रमोदनं बजावलं, "चावली हे सांगू नका. सांगितलं तर ती बाई म्हणेल या घरात ती बिघडली, अन् सापडली तरी घेऊन जाईल." त्याच्या तळहाताला टाके पडले होते. एवढं होऊन त्याला काळजी कसली, तर ती परत आल्यावर आपल्याकडे राहील की नाही याची.

मी फोनवर म्हटलं, "कुंदाताई, तिल्दा पळून गेली."

 पलीकडून, "हं. सगळ्यांची पळूनच जातात," आणि फोन बंद.

त्या आल्या तेव्हा खांद्याला नेहमीची पर्स होती आणि पर्समधून पट्ट्याचं टोक बाहेर आलं होतं. म्हणजे तिल्दाला न्यायच्या तयारीनंच त्या आल्या होत्या. त्यांनी आम्हा तिघांना तीन ठिकाणी बसवलं. मुक्ताला बाल्कनीत, मला हॉलमध्ये, प्रमोदला स्वयंपाकघरात. मुक्ता म्हणाली, "आंटी, किसी को नहीं काटा." मी म्हणाले, थोडं ओरखडलं. प्रमोद हात खिशात घालून म्हणाला, ताट लागलं. कुंदाताई मधल्या दारात उभ्या राहिल्या.

"गाडी एक, माणसं तीन, अन् तिघांचं स्टेशन वेगळं. हात दाखवा."

प्रमोदनं हात बाहेर काढला. पट्टी बघून त्यांचा चेहरा मिटला. संशय येतो तेव्हा माणूस चिडतो असं मला वाटायचं. कुंदाताई चिडल्या नाहीत. त्या थकल्या.

"चावली म्हणून सोडून आले," त्या म्हणाल्या. "कुठी सोडली ते तेवढं सांगा. मी काही म्हणत नाही, पोलीस नाही, काही नाही. फक्त जागा सांगा. मी आणते तिले."

प्रमोदनं सगळं खरं सांगितलं. पोळा, पूजा, झूल. झूल म्हटल्यावर कुंदाताई थोड्या अडखळल्या. "खोटं बोलणारा माणूस साधं सांगते," त्या पुटपुटल्या. "फाटक उघडं राहिलं, गेला. एवढंच. झूल कोणी नाही सांगत." मला वाटलं, सुटलो. पण लगेच त्यांनी चष्मा वर सारला, "की तुम्ही लय हुशार आहात? गाडीची किल्ली आणा."

गाडीच्या मागच्या सीटवर तिल्दाचे केस होते. लस द्यायला नेलं होतं तेव्हाचे. कुंदाताईंनी ते चिमटीत धरून आम्हाला दाखवले आणि मागे बसल्या. "चला, भनपुरीले. लोक जिथून आणलं तिथंच नेऊन सोडतात. त्यांना वाटते, पाप लागत नाही."

भनपुरीत ट्रकांची ही रांग लागलेली. प्रमोद प्रत्येक ट्रकखाली गुडघे टेकून वाकत होता, पट्टी बांधलेला हात ग्रीसमध्ये, आणि हाक मारत होता, "तिल्दा, ये ना माय, ये." ड्रायव्हर लोक चहा पीत गंमत बघत होते. मुक्ता दुसऱ्या बाजूनं वाकत होती. कुंदाताई मात्र एकाही ट्रकखाली बघत नव्हत्या. त्या प्रमोदकडे बघत होत्या. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी म्हटलं, "तुम्ही इथं कुत्री शोधायला आलात की माणूस?"

त्यांनी समोरच्या वजनकाट्याकडे बोट केलं. "तिथं बसला होता मांढर. लय चांगल्या घरी दिला होता मी. मोठं देवघर, दोन नोकर. पळून गेला म्हणाले. मी सगळं शहर शोधलं, पोस्टर लावले. अन् तो इथं, काट्याजवळ. ज्या गाडीतून उतरवला ती गाडी परत येईल म्हणून प्रत्येक पांढऱ्या गाडीमागं धावे. मी पोहोचल्यावर दोनच दिवस जगला." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "त्या दिवशी मी त्या माणसाच्या डोळ्यांत पाहायला पाहिजे होतं. मी त्याचं देवघर पाहत बसली. म्हणून आता माणूस पाहते."

मीही वाकून ट्रकांखाली बघायला लागले. तिल्दा भनपुरीत नव्हती.

परत आल्यावर त्यांनी हाकामारी बंद करायला लावली. कुत्रं घाबरलं की आधी जवळच कुठेतरी दडी मारतं म्हणाल्या. ओरडू नका, धावू नका. मुक्ताचा न धुतलेला ड्रेस फाटकाजवळ टाकून ठेवा, फाटक उघडं ठेवा. हे सगळं सांगताना त्यांचा आमच्यावर विश्वास बसला होता असं नाही. आम्ही खरे असू तर काय करायचं, तेवढं त्या सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कुंदाताई फाटकात हजर. त्याच वेळी झाडूवाली बाई धावत आली, "दीदी, तुम्हर कुतिया हे का ओ, लाल कपड़ा वाली?" दोन गल्ल्या सोडून एका दवाखान्यामागे जुन्या जनरेटरखाली तिल्दा अंग चोरून बसली होती. झूल अर्धी फाटून पायात आलेली. प्रमोद पुढे झेपावला तर कुंदाताईंनी त्याची कॉलर धरली.

"हात नका लावू. बसा. पाठ करून."

तो तिथेच चिखलात बसला. आम्ही लांब थांबलो. कुंदाताईंनी पर्समधून पट्टा काढून हातात घेतला होता. मला कळलं की आता त्या बघणार आहेत ती शेवटची तपासणी आहे, आणि यात आम्ही काहीही बोलून उपयोग नाही. ज्यानं मारून हाकललं त्याच्याकडे कुत्री येणार नाही. आली नाही तर पट्टा तिच्या गळ्यात जाणार आणि ती तात्यापाऱ्याला. मुक्तानं माझ्या दंडात नखं रोवली होती.

तिल्दा पुष्कळ वेळ हललीच नाही.  मग जनरेटरखाली काहीतरी खरडलं. ती पोटावर सरपटत आली, थांबली, पुन्हा सरपटली. त्याच्या पट्टीच्या हाताचा तिनं वास घेतला. आणि त्याच्या पाठीला आपली पाठ टेकवून बसली.

कुंदाताईंनी पट्टा पर्समध्ये टाकला. चेन लावली. प्रमोदजवळ जाऊन म्हणाल्या, "घरी न्या. अन् आरती-फारती बंद."

"म्हणजे आता तुमचा डाउट गेला ना कुंदाताई?" प्रमोद चिखलात बसल्या बसल्या म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं.

"जात नाही तो," त्या म्हणाल्या. "कमी झाला."

माफी वगैरे शब्द त्यांच्याकडे नव्हते, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही त्यांची वाट पाहावीशी वाटली नाही. पुढेही त्या येतच राहिल्या, न सांगता. भांड्यात बोट घालणं सुरूच. फक्त आल्या की आता तिल्दा शेपूट हलवत फाटकाशी जायची, आणि तेही त्यांना संशयास्पद वाटायचं. "ही सगळ्यांकडे अशी जाते का? मग कोणीही चोरून नेईल."

मागच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं दुखणं निघालं. काचबिंदू. बाजूचं दिसेना, मग समोरचंही धूसर व्हायला लागलं. जन्मभर ज्यांनी नजरेवर भाकरी खाल्ली त्यांचं असं व्हावं याचं मला फार वाईट वाटलं. नागपूरचा पुतण्या त्यांना न्यायला तयार झाला. त्याच्या सोसायटीत कुत्र्यांना बंदी. होती-नव्हती ती कुत्री त्यांनी एकेक करून दिली, घरं तपासून. आमगाव राहिला. त्याला घेऊन त्या एका दुपारी ऑटोनं आमच्याकडे आल्या.

बसल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. घरी दिवसा कोण असते? गावाले गेले तर काय करता? कोणी रागीट आहे? जणू आम्हाला पहिल्यांदाच बघत होत्या. मी चहा ठेवू का विचारलं तर हातानंच नको. मग उठून चाचपडत सगळं घर फिरल्या, दिवाणाखाली हात घालून पाहिला, पाण्याच्या भांड्यात बोट घातलं. प्रमोद मागे मागे, काही लागू नये म्हणून. आमगाव दारात गुरगुरत उभा. शेवटी त्या प्रमोदच्या आवाजाच्या दिशेनं वळल्या.

"भाऊ, हा म्हातारा आहे. जास्त दिवस नाही. मेला तर मेला म्हणून सांगा. मले पळून गेला म्हणू नका."

"नाही म्हणणार, ताई."

"अन् मी येणार नाही. फोनवर माझा आवाज त्याले ऐकवू नका. मी आली की तो पुन्हा वाट पाहत बसते." त्यांनी आमगावच्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच, आणि पट्टा प्रमोदच्या हातात दिला. प्रमोदच्या बोटांवर त्यांनी तो स्वतःच्या हातानं घट्ट गुंडाळला.

त्या ऑटोत बसल्या. आमगावनं एकदा फाटकाकडे पाहिलं. तिल्दानं त्याच्या तोंडाचा वास घेतला, त्यानं तिच्या कानाचा. मग दोघंही अंगणात तुळशीजवळच्या सावलीत गेली आणि तो म्हातारा, ज्याला त्यांनी एवढी वर्षं एका घराच्या लायकीचं मानलं नव्हतं, किंवा एकही घर त्याच्या लायकीचं मानलं नव्हतं, पाय पसरून आडवा झाला.

ऑटो कोपऱ्यावर जाऊन थांबला होता. प्रमोद म्हणाला, काही विसरल्या वाटते, जाऊन पाहतो. मी त्याला धरून ठेवलं. काळा कोट ऑटोच्या बाहेर अर्धा वाकलेला दिसत होता, मान आमच्या घराकडे. एवढ्या लांबून त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं. त्या ऐकत होत्या. आमगाव रडतो का, भुंकतो का, हाक मारतो का.

आमगाव गप्प. त्याला चांगली झोप लागली होती. मला त्याचा असा संताप आला, की वाटलं जाऊन ढोसावं त्याला, अरे मेल्या, एकदा तरी भुंक. पण भुंकला असता तर त्या उतरून परत आल्या असत्या, त्याला घेऊन गेल्या असत्या आणि मग कुठे राहिली असती दोघं? आम्ही दोघंही फाटकाला धरून उभे राहिलो, श्वाससुद्धा हळू घेत.

बऱ्याच वेळानं कोट आत गेला. ऑटो सुरू झाला, थोडा पुढे गेला आणि पुन्हा थांबला. मग पुढच्या वळणावर वळून दिसेनासा झाला.